रक्त गोठायचे सेकंद: दगडी पाला, हिरडा आणि सीरमची एक नळी

माझी भाची कोपरखैरण्याला राहते. नवी मुंबईतल्याच एका कॉलेजात ती बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी करते आहे आणि शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला तिने विषय घेतला, वनस्पतींच्या अर्कांचा रक्त गोठण्यावर होणारा परिणाम. मी ठाण्यात एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये हिमॅटॉलॉजी, म्हणजे रक्ततपासणीच्या, विभागात आहे. नोकरीची बरीचशी वर्षं पीटी-एपीटीटी, म्हणजे रक्त गोठायला किती सेकंद लागतात ते मोजणाऱ्या चाचण्यांच्या टेबलापाशीच गेली, त्यामुळे विषय मंजूर झाल्यावर पहिला फोन मला आला. “मावशी, अर्क काढायचा, प्लाझ्मात घालायचा आणि वेळ मोजायची, एवढंच आहे ना?” (प्लाझ्मा म्हणजे रक्तातल्या पेशी काढल्यावर उरणारा द्रव.)

एवढंच नाही. आणि ते ‘एवढंच नाही’ नक्की काय असतं, ते सविस्तर लिहून ठेवावं असं मला तेव्हापासून वाटत होतं. हा विषय खूप मुलं घेतात. खर्च बेताचा, साधनं कॉलेजात असतातच, वनस्पती तर अंगणात. सेकंद वाढले की ‘अर्क रक्त पातळ करतो’ आणि कमी झाले की ‘अर्क रक्त थांबवतो’, असा निष्कर्ष लिहून प्रबंध बांधायला जातो. पण सेकंद बदलण्याची कारणं अनेक असतात आणि त्यातली निम्मी औषधी गुणाची नसतातच. ती एकेक करून बाजूला काढणं हाच खरा प्रयोग.

आमचं मूळ गाव मुरबाडकडचं. भातकापणीत बोटाला विळा लागला की बांधावरचा दगडी पाला चुरगाळून रस पिळायचा, वर तोच चोथा ठेवून चिंधी बांधायची, हे मी लहानपणापासून पाहिलं आहे. कुणी त्याला एकदांडी म्हणतं, कुणी कंबरमोडी. छोटं पिवळ्या मधाचं, कडेला पांढरट पाकळ्यांचं फूल, लांब दांड्यावर एकटंच. शास्त्रीय नाव ट्रायडॅक्स प्रोकम्बन्स. ही वनस्पती मूळची आपली नाही, ती उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेतून आली आणि इथे तणासारखी पसरली. तरीही आपल्या लोकांनी तिचा उपयोग हुडकला, याचं मला फार कौतुक आहे. भाचीच्या यादीत दगडी पाला पहिला असावा हा माझा आग्रह होता. बाकी तिने निवडले: हिरडा, अडुळसा, घोळणा फुटल्यावर नाकात पिळतात ती दूर्वा, आणि लसूण.

हिरडा आणि अडुळशाची वाळलेली पानं तिने जांभळी नाक्याच्या बाजारातल्या काष्ठौषधींच्या दुकानातून घेतली. दगडी पाला कोपरखैरण्यात नाल्याकडेला भरपूर आहे, पण तो मी घेऊ दिला नाही. रस्त्याकडेच्या पानावर काय काय साचलेलं असतं ते कुणी सांगावं? धातूंचे क्षार प्लाझ्मात गेले तर सेकंद त्यांचे मोजायचे की पानाचे? तो गावाहून, माझ्या भावाच्या शेतावरून आणला, मुळासकट आणि फुलासकट. मुळं-फुलं हवीतच, कारण नमुना दाबून वाळवून ओळख पटवण्यासाठी द्यायचा होता. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये ब्लाटर हर्बेरियम आहे, तिथे वनस्पतीची खातरजमा करून देतात. बाजारातली जडीबुटी नावावर घेऊन प्रयोग करणारे अनेक आहेत. त्या पुडीत तीच वनस्पती आहे हे कुणी पाहिलेलं नसेल, तर पुढचं सगळं काम वाऱ्यावर.

रक्ताचं काम मात्र मी तिला पहिल्यापासून कडक शिस्तीत करायला लावलं. कॉलेजच्या एथिक्स कमिटीची परवानगी, देणाऱ्याची लेखी संमती, ॲस्पिरिन किंवा दुसरं कुठलं औषध चालू आहे का याची विचारपूस. मग फिकट निळ्या झाकणाची ट्यूब. तिच्यात 3.2 टक्के सोडियम सायट्रेट असतं आणि रक्त व सायट्रेटचं प्रमाण 9 ला 1 लागतं, म्हणजे 0.3 मिलिलिटर सायट्रेटला 2.7 मिलिलिटर रक्त. ट्यूब खुणेपर्यंत भरली नाही तर सायट्रेट जास्त होतं आणि वेळ आपोआप लांबते. आमच्याकडे अर्धवट भरलेली निळी ट्यूब आली की आम्ही परत पाठवतो, वॉर्डातल्या सिस्टर कितीही रागावल्या तरी. मग ट्यूब सेंट्रिफ्यूजमध्ये 15 मिनिटं फिरवून वरचा पिवळसर प्लाझ्मा काढायचा आणि चार तासांच्या आत वापरायचा. फॅक्टर म्हणजे रक्त गोठवणारी, साखळीने काम करणारी प्रथिनं; त्यातला आठवा नाजूक असतो, ट्यूब ठेवून दिली की तो उतरत जातो.

सायट्रेट रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून ट्यूबमध्ये रक्त गोठत नाही. आपण चाचणीत ते कॅल्शियम परत देतो. पीटीत 37 अंशाच्या वॉटर बाथमध्ये 0.1 मिलिलिटर प्लाझ्मा ठेवायचा, त्यात कॅल्शियम असलेलं 0.2 मिलिलिटर थ्रोम्बोप्लास्टिन, म्हणजे गोठणं सुरू करणारं रसायन (रीएजंट), टाकायचं आणि त्याच क्षणी स्टॉपवॉच सुरू करायचं. नळी हलकेच कलती करत राहायचं. द्रव वाहता वाहता अचानक अडतो, फायब्रिनचा, म्हणजे गुठळी ज्याची बनते त्या प्रथिनाचा, तंतू दिसतो, तिथे घड्याळ थांबवायचं. निरोगी माणसात हे साधारण 11 ते 13 सेकंदांत होतं. एपीटीटीत आधी ॲक्टिव्हेटर, म्हणजे गोठण्याची साखळी जागी करणारा पदार्थ, मिसळून तीन मिनिटं थांबायचं आणि मग कॅल्शियम क्लोराइड. तिथे साधारण 25 ते 35 सेकंद लागतात. आमच्या हॉस्पिटलात हे सगळं मशीन करतं. भाचीच्या कॉलेजात मशीन नाही हे एका अर्थी बरंच झालं. प्रकाशावर चालणारं मशीन नळीत धूसरपणा आला की ‘गोठलं’ म्हणतं. हिरड्याचा अर्क चहासारखा तपकिरी असतो, तो बघून मशीनला काय दिसलं असतं ते सांगता येत नाही. हाताने नळी कलती केली की निदान काय घडतंय ते डोळ्यांना दिसतं.

आणि हिरड्याच्या वेळी ते दिसलंच. प्लाझ्मात अर्क पडला आणि थ्रोम्बोप्लास्टिन टाकण्याआधीच नळी पांढुरकी झाली, गुठळ्या दिसायला लागल्या. भाची खूश. स्टॉपवॉच सुरूसुद्धा केलं नाही आणि रक्त गोठलं, म्हणजे केवढा प्रभावी अर्क! तिचा उत्साह मला मोडायचा नव्हता, पण मी तिला म्हटलं, आता हेच सीरमवर कर.

प्लाझ्मा आणि सीरम यांतला फरक इथे कामी येतो. सीरम म्हणजे रक्त पूर्ण गोठून गेल्यावर वर उरलेलं पाणी. त्यातलं फायब्रिनोजेन, ज्यापासून फायब्रिन बनतं ते प्रथिन, गुठळीत खर्ची पडलेलं असतं, त्यामुळे सीरममधून फायब्रिनची गुठळी होणं शक्यच नाही. त्या सीरममध्ये हिरड्याचा अर्क टाकला आणि तशाच गुठळ्या दिसल्या. म्हणजे ते गोठणं नव्हतंच. हिरड्यात टॅनिन भरपूर असतं आणि टॅनिन प्रथिनांना चिकटून त्यांना खाली बसवतं, दुधात लिंबू पिळल्यावर दूध फाटतं तसं. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांतला हिरडा कातडी कमावण्याच्या धंद्याला जातो तोही याच गुणासाठी, टॅनिन कातड्यातल्या प्रथिनाला घट्ट धरतं. नळीत नीट पाहिलं तरी फरक कळतो. फायब्रिनचा क्लॉट जेलीसारखा एकसंध असतो, नळी उलटी केली तरी जागेवर राहतो. टॅनिनचा साका कणाकणाचा असतो, हलवला की विखुरतो.

सीरमची ही एक नळी लावायला दोन मिनिटं लागतात, खर्च काहीच नाही. माझ्या मते तुरट चवीच्या कुठल्याही वनस्पतीवर, म्हणजे हिरडा, बेहडा, डाळिंबाची साल, बाभळीची साल, कात यांवर काम करणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या दिवशी ती लावावी. त्यापुढे जायचं असेल तर पीव्हीपीपी नावाची एक पावडर मिळते. ती टॅनिन धरून ठेवते. अर्क तिच्यावरून गाळून घ्यायचा आणि मग परत पीटी. टॅनिन काढल्यावरही सेकंद बदललेले राहिले तर तिथे काहीतरी शोधण्यासारखं आहे.

याचा अर्थ हिरडा जखमेवर निरुपयोगी, असा नव्हे. प्रथिनं आकसवून वरच्या वर पापुद्रा धरणं हाही रक्त थांबवण्याचा एक मार्ग आहे, तुरटी तेच करते. पण त्याला ‘गोठण्याच्या प्रक्रियेवर परिणाम’ म्हणता येत नाही, आणि पोटात घेतलेला हिरडा आत कुठे रक्त गोठवतो असं तर त्यावरून मुळीच म्हणता येत नाही.

बाकीच्या कंट्रोल, म्हणजे तुलनेच्या, नळ्या मी तिला भराभर लावायला लावल्या. प्लाझ्मात अर्क घातला की प्लाझ्मा विरळ होतोच, म्हणून तेवढंच सलाइन घातलेली नळी शेजारी हवी. अर्क मिथेनॉलमध्ये काढून डीएमएसओ नावाच्या द्रावकात विरघळवला असेल तर तेवढ्याच डीएमएसओची नळीही हवी. अर्काचा पीएच पट्टीने बघायचा, कारण आंबट अर्कात गोठण्याची एन्झाइम मंदावतात. प्रत्येक नळी जोडीने. काचेची आणि प्लास्टिकची सरमिसळ नको, कारण काच स्वतःच गोठण्याची एक साखळी सुरू करते.

कॅल्शियमबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं. अळूच्या पानांत ऑक्झलेट असतं, घशाला खाज येते ती त्याच्या सुयांनी. ऑक्झलेट कॅल्शियमला पकडतं. पुरेसं ऑक्झलेट असलेला कुठलाही पालेभाजीचा अर्क प्लाझ्मात घाला, आपण परत दिलेलं कॅल्शियम तो गिळून टाकेल आणि सेकंद वाढतील. 1935 मध्ये आर्मंड क्विक यांनी पीटीची चाचणी बसवली तेव्हा रक्त न गोठता ठेवायला ऑक्झलेटच वापरत असत. म्हणजे अळूचं फदफदं खाऊन रक्त पातळ होईल का? नाही. नळीतलं कॅल्शियम संपतं, शरीरातलं इतकं सहज संपत नाही. असा संशय आला की त्याच नळीत थोडं जास्त कॅल्शियम घालून बघायचं. सेकंद परत खाली आले तर ती करामत ऑक्झलेटची.

आता मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट. एपीटीटीच्या बऱ्याच रीएजंटमध्ये ॲक्टिव्हेटर म्हणून एलॅजिक ॲसिड असतं. हे एलॅजिक ॲसिड वनस्पतीतलं आहे, डाळिंबाच्या सालीत, हिरड्यात, आवळ्यात सापडणारं. ते गोठण्याच्या साखळीतला बारावा फॅक्टर जागा करतं, हे ऑस्कर रॅटनॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्याने 1964 मध्ये दाखवलं. म्हणजे डाळिंबाच्या सालीचा अर्क एपीटीटीत घातला तर आपण वनस्पतीचा गुण तपासतो आहोत की रीएजंटमध्ये आणखी थोडं रीएजंट घालतो आहोत? भाचीला हे सांगितल्यावर ती बराच वेळ गप्प होती आणि मग तिने बाटलीचं लेबल वाचलं. तिच्या रीएजंटमध्येही एलॅजिक ॲसिडच होतं.

बरं, हा बारावा फॅक्टर शरीरात किती महत्त्वाचा? त्याचं जुनं नाव हॅगमन फॅक्टर. जॉन हॅगमन हे अमेरिकेत रेल्वेत ब्रेकमन होते. ऑपरेशनआधीच्या तपासणीत त्यांचं रक्त काचेच्या नळीत गोठेचना, आणि त्यांच्यावरूनच 1955 मध्ये रॅटनॉफ आणि जोन कोलोपी यांनी या फॅक्टरची माहिती प्रसिद्ध केली. पण हॅगमन यांना कधी जास्त रक्तस्राव झालेला नव्हता. 1968 मध्ये ते वारले ते फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकून. ज्या माणसाचं रक्त नळीत गोठत नव्हतं, तो रक्त गोठल्याने गेला. आमच्या टेबलावर लांबलेला एपीटीटी आला की मला अजून या माणसाची आठवण होते.

उलटी गोष्टही तितकीच खरी. वनस्पतीतून आलेल्या रक्त न गोठू देणाऱ्या औषधांत सर्वांत नावाजलेलं कुळ वॉरफरिनचं. 1920 च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात गुरं रक्तस्रावाने मरायला लागली, स्वीट क्लोव्हर नावाचा चारा बुरसटला की तो खाऊन. 1933 च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधला एड कार्लसन नावाचा शेतकरी बर्फाच्या वादळातून मेलेली कालवड, बुरसटलेला चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त घेऊन मॅडिसनला कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोचला. त्या चाऱ्यातला नेमका पदार्थ, डायकुमारॉल, शुद्ध रूपात हाती यायला 1939 उजाडलं. त्याच्याच कुळातलं वॉरफरिन 1948 मध्ये आधी उंदरांचं विष म्हणून बाजारात आलं आणि मग 1954 मध्ये माणसांचं औषध झालं.

आता डायकुमारॉल भाचीच्या नळीत घातलं असतं तर? काहीच झालं नसतं. पीटी जशीच्या तशी. कारण ते प्लाझ्मावर काम करतच नाही. ते यकृतात के जीवनसत्त्वाचं चक्र अडवतं, त्यामुळे दोन, सात, नऊ आणि दहा हे फॅक्टर अर्धवट तयार होतात. आधीचे चांगले फॅक्टर संपेपर्यंत दिवस जातात आणि मग रक्त गोठायला वेळ लागतो. लिंक यांच्या प्रयोगशाळेने चाऱ्याचा प्रत्येक अंश सशांना देऊन त्यांचं रक्त तपासलं, म्हणून तो पदार्थ सापडला. नुसत्या नळीवर विसंबले असते तर हातातून निसटला असता.

याच जागी एक चूक प्रबंधांतून पुन्हा पुन्हा वाचायला मिळते: ‘अर्कात कुमारिन आढळले, म्हणून अर्क रक्त गोठू देत नाही.’ साधं कुमारिन, जाड दालचिनीत असतं ते, रक्त गोठणं अडवत नाही. बुरशीच्या हातून त्याचं डायकुमारॉल होतं तेव्हा ते अडवतं. ताजा स्वीट क्लोव्हर खाऊन गुरं मरत नव्हती. लसणाचंही तसंच, वेगळ्या कारणाने. लसणातलं अजोईन प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटू देत नाही. पण पीटीसाठी आपण ट्यूब फिरवून प्लेटलेट्स खाली बसवलेल्या असतात, मग तो परिणाम दिसणार कुठून? ॲस्पिरिन घेणाऱ्याची पीटीही नेहमीच्या डोसला नॉर्मलच येते. भाचीच्या तक्त्यात लसणापुढे ‘परिणाम नाही’ असं आलं होतं. तिथे मी ‘या चाचणीत दिसणारा परिणाम नाही’ असं लिहायला लावलं.

आणि दगडी पाला? त्याच्या पाण्यातल्या अर्काने सलाइनच्या नळीपेक्षा लक्षात यावा असा फरक पीटीत पडला नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण एका शेतावरचा, एका हंगामातला, एका पद्धतीने काढलेला अर्क एवढाच हा निकाल आहे. शिवाय गावात कुणी गाळलेला अर्क लावत नाही. चुरगाळलेला ताजा पाला, त्यावर चिंधी आणि चिंधीवर घट्ट दाबलेला अंगठा असं ते औषध असतं. त्यातल्या अंगठ्याचा वाटा किती आणि पाल्याचा किती हे नळीत कळणार नाही. त्यासाठी नुसती चिंधी दाबलेली जखम आणि पाला ठेवून दाबलेली जखम, अशी तुलना लागते. तोवर पाला लावणाऱ्यांना माझं एकच सांगणं, पाला स्वच्छ धुवून घ्या आणि विळा-कोयत्याच्या जखमेला धनुर्वाताचं इंजेक्शन चुकवू नका.

हे सगळं मी इतक्या पोटतिडकीने का लिहितेय, तर आयएनआर, म्हणजे पीटीवरून काढलेला, रक्त किती उशिरा गोठतं ते सांगणारा आकडा, तपासायला येणाऱ्या पेशंटमुळे. हृदयाची कृत्रिम झडप बसवलेल्या माणसाला वॉरफरिन किंवा ॲसेनोकुमारॉलची गोळी रोज घ्यावी लागते. मायट्रल झडपेला आयएनआर साधारण 2.5 ते 3.5 मध्ये ठेवतात. खाली गेला तर झडपेवर गुठळी, वर गेला तर मेंदूत किंवा पोटात रक्तस्राव. एक आजोबा दिव्याहून नेमाने यायचे. एका महिन्यात त्यांचा आयएनआर एकदम चढला. डॉक्टरांनी खोदून विचारलं तेव्हा कळलं, फोनवर कुणीतरी पाठवलेला ‘रक्त शुद्ध करणारा’ काढा ते सकाळ-संध्याकाळ घेत होते. काढा थांबवला, डोस सांभाळला, पुढच्या तपासण्यांत आकडा जागेवर आला. काढ्यात नक्की काय होतं ते शेवटपर्यंत समजलं नाही, कारण बनवणाऱ्यालाही ते धड ठाऊक नव्हतं. असे संदेश कुठल्या ना कुठल्या ‘सिद्ध झालं आहे’ वर उभे असतात, आणि त्या सिद्ध झालेल्याच्या तळाशी पुष्कळदा एक नळी असते, शेजारी सीरमची नळी न लावलेली. अशा गोळ्या चालू असणाऱ्यांनी मेथी, पालक, शेपूसुद्धा एकदम वाढवू किंवा बंद करू नये, कारण के जीवनसत्त्व तिथूनच येतं. काढा, चूर्ण, रस, जे घेत असाल ते डॉक्टरांना सांगा. ते रागावतील म्हणून लपवू नका.

भाचीच्या गाईडबाईंनी हिरड्याचा तक्ता पाहून प्रबंधाच्या शीर्षकात ‘प्रयोगनळीतील’ हा शब्द घालायला सांगितला आणि सीरमच्या नळ्यांचं वेगळं प्रकरण करायला लावलं. मला ते फार आवडलं. आता पीव्हीपीपीवरून गाळलेल्या हिरड्याच्या अर्काची थ्रोम्बिन टाइम, म्हणजे फायब्रिनोजेनचं फायब्रिन व्हायला लागणारी वेळ, बघायची आहे, आणि वेळ उरला तर किनाऱ्यावरच्या सरगॅसम या तपकिरी शेवाळाची. त्यात फ्युकॉइडन असतं, हेपॅरिन या रक्त न गोठू देणाऱ्या औषधासारखी सल्फेट असलेली साखर, आणि ते थेट प्लाझ्मात काम करून एपीटीटी लांबवतं. नळीत खरोखर दिसावा असा परिणाम तिच्या तक्त्यात एक तरी असावा, म्हणून ते शेवाळ मीच सुचवलं आहे.